वाद्याला मान, वाजवणाऱ्याला काय?

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की सिंदखेड राजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या वऱ्हाडी मोठ्या गावांत बैल तोरणाखाली येण्याआधी कुठेतरी कोपऱ्यात चार तुराट्या आणि मूठभर पाचट पेटते. त्या जाळावर डफडे धरले जाते. श्रावण अमावस्येची हवा दमट, कातडे सैल पडलेले. तसेच वाजवले तर नुसता भदभद आवाज निघतो. दोन्ही बाजूंनी फिरवत शेकले, बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकले, की कातडे ताणते आणि काडी पडताच आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो. हे शेकणे ज्याला जमते तोच डफडेवाला. कोणत्या क्षणी थांबायचे हे त्याच्या बोटाला कळते. जास्त तापले तर कातडे फाटते आणि दिवसाची कमाई जाते.

हिंदी महासागरात मॉरिशस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर शनिवारी रात्री हेच चालते. तिथे जाळावर धरतात तो ‘रावान’. लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून केलेला, परातीएवढा रुंद, उथळ. काडी नसते, तळहात आणि बोटे वापरतात. त्याच्या तालावर जे गायले-नाचले जाते ते सेगा. आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे, म्हणजे क्रेओल समाजाचे, हे नृत्यसंगीत. नोव्हेंबर 2014 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली आणि एकेकाळी चर्चने अश्लील ठरवलेला, मळेमालकांनी हिणवलेला रावान देशाची ओळख झाला.

तेव्हा प्रश्न पडतो तो आपल्या डफड्याचा. बनावट जवळपास तीच, जाळ तोच, वाजवणारा समाज तितकाच तळाशी ढकललेला. मग एकाला राष्ट्रीय प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला लग्नाच्या मांडवाबाहेर, उन्हात उभे राहायची जागा, असे का? उत्तर ‘त्यांनी वारसा जपला, आपण नाही’ इतके सोपे असते तर एक ठराव करून भागले असते. मॉरिशसची कहाणी नीट वाचली तर दिसते की वाद्याला मान मिळणे आणि वाजवणाऱ्याला मान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे पहिली घडली. दुसरी अर्धीच.

सिंदखेड राजा तालुक्यातल्या वाचकाला हा समुद्र वाटतो तितका परका नाही. आफ्रिकेतून माणसे विकत आणण्याचा व्यापार दख्खनपर्यंत पोचलेलाच होता. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, बाजारात एकापेक्षा अधिक वेळा विकला गेलेला मुलगा. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले आणि पुढे 1626 मध्ये मरेपर्यंत हाच मलिक अंबर निजामशाहीचा खरा कारभारी राहिला. सिंदखेडचे लखुजी जाधवराव याच निजामशाहीचे मातब्बर सरदार. अंबरशी त्यांचे जमले नाही आणि 1621 मध्ये ते मोगलांकडे गेले. त्यांची लेक जिजाऊ 1598 सालची. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डच गलबते एका निर्जन बेटाला लागली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरित्सच्या नावावरून त्याला मॉरिशस म्हटले. पुढे डचांनीच जावाहून तिथे ऊस आणला. दख्खनमध्ये गुलाम लढवय्या होता, त्यामुळे त्याला वर चढायला फट होती. उसाच्या मळ्यावर तशी फट नव्हती.

आणखी एक तारीख. साखरखेर्डा हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते 11 ऑक्टोबर 1724 च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्कने इथे मुबारिजखानाला मारले, दख्खन आपल्या हाती घेतली आणि गावाला फत्तेखेर्डा नाव दिले. त्याआधी दहाच महिने, डिसेंबर 1723 मध्ये, फ्रान्सच्या राजाने मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियन या बेटांसाठी गुलामांचा कायदा काढला होता. त्यात एक कलम असे होते की वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा किंवा रात्री, लग्नाच्या निमित्तानेसुद्धा, एकत्र जमायचे नाही. जमले तर फटके, पुन्हा जमले तर त्याहून कडक शिक्षा. सेगाचा जन्म या कलमाच्या सावलीत झाला. गाण्यासाठी गोळा होणे हाच जिथे गुन्हा, तिथे ताल धरणे हे आपोआप बंड होते. कोणाला तसे म्हणायची गरजही पडली नसेल.

एकत्र आलेली ही माणसे होती तरी कोण? मोझांबिकची, मादागास्करची, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, आणि भारतातलीही. बंगाल, मलबार आणि कोरोमांडल किनाऱ्यावरून नेलेले गुलाम फ्रेंच काळात मॉरिशसमध्ये होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. करारावर नेलेल्या गिरमिटिया मजुरांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, गुलामांची टाळतो. इतक्या भाषांच्या माणसांना एकमेकांशी बोलायला मालकाच्या फ्रेंचचे तुकडे घ्यावे लागले आणि त्यातून क्रेओल ही भाषा घडली. संगीताचेही तसेच झाले. फ्रेंच लेखक बेर्नार्दां द सें-पिएर 1768 मध्ये बेटावर आला होता. गुलामांचे हाल पाहून तो हादरला. 1773 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने त्यांच्या दुधी भोपळा लावलेल्या धनुष्यासारख्या तंतुवाद्याबद्दल आणि नाचाबद्दलही लिहिले आहे. हे तंतुवाद्य पुढे मॉरिशसमध्ये जवळजवळ नाहीसे झाले. उरली ती तीन वाद्ये.

रावान पहिला. दुसरा ‘मारावान’. उसाच्या तुऱ्याचे वाळलेले दांडे शेजारी शेजारी बांधून केलेली चपटी पेटी, आत बिया. दोन्ही हातांत आडवी धरून हलवली की पाऊस पडल्यासारखा सळसळाट होतो. ज्या पिकाने माणसाला गुलाम केले त्याच पिकाच्या काड्यांतून हे वाद्य झाले. तिसरा लोखंडी त्रिकोण, सळईचा, त्याचा आवाज बारीक आणि सरळ. बस्स. पेटी नाही, बासरी नाही. सूर माणसाच्या गळ्याचा.

ताल सहा मात्रांचा. दादरा ऐकलेल्या कानाला तो ओळखीचा वाटतो, पण दादरा जिथे तीन-तीनच्या दोन भागांत निवांत बसतो तिथे सेगा बसत नाही. रावानवरचा एक हात तीनचे गट मोजतो, दुसरा त्यावर दोनचे गट टाकतो, आणि या ओढाताणीत कंबर आपोआप हलते. सुरुवात संथ असते. गाणारा एक ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. मग रावान हळूहळू गती वाढवतो, शब्द कमी होतात, आरोळ्या वाढतात. नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवरून उचलले जात नाहीत, वाळूत घासत सरकतात. बाई आणि पुरुष समोरासमोर येतात, वाकतात, गुडघ्यांवर मागे रेलतात, एकमेकांच्या अगदी जवळ जातात आणि स्पर्श न करता निघून जातात. पाय उचलायचे नाहीत याचे कारण साखळदंड होते असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे की नंतर जोडलेले, यावर वाद घालता येईल. वाळूवर नाचून पाहिले तर मात्र पाय घासत नेणेच सोपे पडते, हेही लक्षात घ्यावे.

शब्दांचा भाग तर वऱ्हाडी माणसाला घरचाच वाटेल. सेगाचे शब्द जागच्या जागी जोडले जातात. कोण कोणाकडे चोरून गेला, कोणाची बायको कोणावर रुसली, मुकादमाने मजुरी कशी कापली, साहेबाची पँट कशी फाटली. हसण्याच्या आडून टोला. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात त्याची जात हीच: एक जण पुढे होतो, दोन-चार यमकात सरपंचाला, आमदाराला, कापसाच्या भावाला झोडपतो, लोक हर हर महादेव म्हणतात आणि डफडे कडाडते. ज्यांना एरवी तोंड उघडायची मुभा नाही त्यांना वर्षातून एक दिवस मिळणारी ही सवलत. फरक असा की झडती म्हणणारा बहुधा बैलवाला शेतकरी असतो आणि डफडे वाजवणारा बहुधा नसतो. सेगात गाणारा आणि वाजवणारा एकाच झोपडीतले असतात.

1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. सुमारे 66 हजार माणसे मुक्त झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. गुलामांना काही नाही, उलट आणखी चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मळ्यावर राबायची सक्ती. ती उठली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी उसाकडे पाठ फिरवली. किनाऱ्यावर मासेमारी, शहरात हमाली, डोंगरउतारावर चार वाफे. मळ्यांना हात हवेच होते. त्यासाठी 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून ‘अॅटलस’ जहाज 36 मजूर घेऊन आलेलेच होते. पुढच्या सुमारे 75 वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय गिरमिटिये आले. बहुतेक भोजपुरी आणि तमिळ, पण मुंबई बंदरातून गेलेले मराठीही, त्यांत कोकणातले जास्त.

मराठी कुटुंबे बेटाच्या ज्या भागांत वसली त्यांत पश्चिमेचा रिव्हिएर न्वार जिल्हा मोठा. कास्काव्हेल हे गणपतीसाठी नाव काढले जाणारे गाव याच जिल्ह्यात. आणि ल मॉर्न हा डोंगरही, जिथे पळून गेलेले गुलाम लपत आणि ज्याला 2008 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही याच जिल्ह्यात. म्हणजे मराठी माणूस आणि सेगा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आहेत. मराठ्यांनी कोकणातून जाखडी नेली. तिथे तिला झाकरी म्हणतात. मधे ढोलकी आणि गाणारा, भोवती फेर. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि झाकरी अजून नाचली जाते, जरी नाचणाऱ्यांच्या घरात आज मराठीपेक्षा क्रेओलच जास्त बोलली जात असली तरी.

इथे एक बारकावा आपल्याला टोचायला हवा. भारतीयांचे सण, भाषा, देवळे यांना मॉरिशसमध्ये संस्था मिळाल्या. मोकामध्ये महात्मा गांधी संस्था उभी राहिली, शाळांत हिंदी-तमिळ-तेलुगू-मराठी शिकवल्या जाऊ लागल्या. क्रेओल ही जवळजवळ सगळ्या देशाची बोलभाषा, पण शाळेत ऐच्छिक विषय म्हणून यायला तिला जानेवारी 2012 उजाडावा लागला. उशिरा आलेल्यांना त्यांच्या मायदेशाचा आधार होता. आधी आलेल्यांना मायदेशच आठवत नव्हता. नावेसुद्धा मालकांनी ठेवलेली.

सेगाची प्रतिष्ठा वाढली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. 1950 चे दशक संपता संपता सर्ज लेब्रासच्या तबकड्यांनी सेगा दिवाणखान्यात नेला, त्यात अॅकॉर्डियन आणि गिटार आली. ऑक्टोबर 1964 मध्ये ल मॉर्नच्या पायथ्याशी ‘सेगाची रात्र’ भरली आणि तिथे ‘ती फ्रेर’ नावाच्या गायकाला सेगाचा राजा ठरवले गेले. खरे नाव झां आल्फोन्स रावातों, जन्म 1900. जाळावर शेकलेला रावान, भेगाळलेला आवाज, आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाहून तिथल्या तिथे जोडलेले शब्द. शेवटच्या वर्षांत रेडिओ फ्रान्सच्या ‘ओकोरा’ने त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करून युरोपला ऐकवले. 1992 मध्ये तो गेला. राजा म्हणवला गेलेला हा माणूस आयुष्यभर गरीबच राहिला.

स्वातंत्र्य आले 12 मार्च 1968 ला, आणि त्यामागोमाग पर्यटन. समुद्रकाठी हॉटेले झाली. जेवणाच्या टेबलांमध्ये फुलाफुलांचे घेरदार झगे घातलेल्या मुली पाऊण तास नाचू लागल्या, पाहुण्यांना हात धरून उठवू लागल्या. टोले मारणारे शब्द गळाले, कारण पाहुण्याला क्रेओल कळत नाही आणि व्यवस्थापकाला टोला परवडत नाही. रावानलाही कृत्रिम पडदा आला, म्हणजे शेकायची भानगड नको. याला नाके मुरडणे सोपे आहे. पण हॉटेलच्या सेगाने शेकडो घरांत दर आठवड्याला पैसा नेला, हेही खरे आहे, आणि ज्याला चूल पेटवायची आहे त्याला शुद्धतेचे धडे देऊ नयेत. तक्रार वेगळी आहे. ज्या किनाऱ्यावर हे हॉटेल उभे राहिले तिथेच त्या नाचणाऱ्यांची मासेमारी होती, आणि आता वाळूवर त्यांना जायला वाट विचारावी लागते.

1980 च्या दशकात पोर्ट लुईच्या रोश ब्वा वस्तीतल्या जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ याने, ज्याला सगळे काया म्हणत, सेगात जमैकाचा रेगे मिसळून ‘सेगे’ उभा केला. गाणी क्रेओल वस्त्यांच्या बेकारीची, अपमानाची. 1993 मध्ये रॉजे सेर्व्हो या क्रेओल धर्मगुरूने आपल्या समाजाच्या दुखण्याला जाहीरपणे नाव दिले: ‘क्रेओल व्यथा’. देश प्रगतीच्या आकड्यांत पुढे चालला असताना गुलामांचे वंशज मागे पडत होते. फेब्रुवारी 1999 मध्ये गांजावरची बंदी शिथिल करण्याच्या मागणीसाठी झालेल्या मैफिलीत काया गायला. दोन दिवसांनी त्याला अटक झाली आणि 21 फेब्रुवारीला तो पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. देश पेटला. दंगलीत बर्जे आगात हा दुसरा सेगे गायक पोलिसांच्या गोळीने मेला. ज्या देशाच्या पर्यटन जाहिरातीत सेगा नाचत होता त्याच देशात सेगा गाणाऱ्यांचे हे झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, 2009 मध्ये, गुलामगिरी आणि गिरमिटाच्या परिणामांची चौकशी करायला सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला. 2011 मध्ये अहवाल आला. आणि 2014 मध्ये युनेस्कोचा शिक्का.

शेजारच्या रियुनियन बेटावर मलोया हे सेगाचेच भावंड. फ्रेंच प्रशासनाने ते 1981 पर्यंत दाबून ठेवले होते, कारण ते डाव्यांच्या सभांत वाजे. 2009 मध्ये तेही त्याच यादीत गेले. चागोस बेटांवरचे लोक तर 1968 ते 1973 या काळात अमेरिकेच्या लष्करी तळासाठी ब्रिटनने उचलून मॉरिशसच्या झोपडपट्ट्यांत आणून टाकले. त्यांच्या सेगाला 2019 मध्ये तातडीने जपायच्या वारशाचा दर्जा मिळाला. गाणे जपण्याजोगे ठरले. गाणाऱ्यांचे घर नाही.

आता डफड्याकडे. त्याच्यावर क्रूर राजाज्ञा कधी निघाली नाही, निघायची गरजच पडली नाही. गावगाड्याने काम वाटून दिलेले होते: मेलेले जनावर ओढायचे कोणी, दवंडी द्यायची कोणी, वाजवायचे कोणी. मातंग आणि महार समाजाच्या वाट्याला आलेले वाजवणे ही कला होती, तरी ती मागून घेतलेली नव्हती. लग्नात पुढे वाजवायचे आणि पंगत उठल्यावर जेवायचे. मंदिरापर्यंत वाजवत जायचे आणि पायरीखाली थांबायचे. बाबासाहेबांच्या चळवळीने जेव्हा गावकीची कामे टाकून द्यायला सांगितले, तेव्हा अनेक गावांत महार समाजाने, जो पुढे बौद्ध झाला, वाजवणेही टाकले. कोणी तेव्हा ‘वारसा गेला’ म्हणून हळहळले असेल तर त्याने आधी त्या पायरीचा विचार करायला हवा होता.

संगीत मात्र टाकले गेले नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तमाशाच्या ढाच्यात नवा मजकूर भरला. पुढे वामनदादा कर्डक (1922–2004) गावोगाव फिरले, विठ्ठल उमप आले, कव्वालीचा बाज आला, आणि भीमगीत नावाचा एक मोठा प्रवाह तयार झाला, जो आज 14 एप्रिलला बुलढाण्यापासून नागपूरपर्यंत वाजतो. सेगाशी तुलना करायची तर ती डफड्यापेक्षा भीमगीताशी जास्त जुळते. दोन्ही ठिकाणी तळातल्या माणसाने मिळेल ते वाद्य, मिळेल ती चाल घेऊन स्वतःचे सांगितले. मराठी संगीतावरच्या चर्चांत नाट्यसंगीताला आणि भावगीताला जेवढी पाने मिळतात त्याच्या दहावा हिस्साही भीमगीताला मिळत नाही. मॉरिशसच्या उच्चभ्रूंना सेगा ऐकू येत नसे, तसेच हे.

मातंग समाजाच्या हातात डफडे अजून आहे. पण दोन बाजूंनी त्याच्यावर संकट आले आहे. एक, जातीचा शिक्का: शिकलेला मुलगा वडिलांचे वाद्य खांद्यावर घ्यायला तयार नाही आणि त्याचे बरोबरच आहे. दोन, डीजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले भोंगे आले की चार डफडेवाल्यांची गरज संपते. यजमानाला वाटते पैसा जास्त गेला तरी इभ्रत वाढली. डीजेवाला कोणत्या जातीचा हे कोणी विचारत नाही, त्याला खुर्ची मिळते, आगाऊ रक्कम मिळते. आवाजाच्या यंत्राला जात नसते, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. त्यामुळे कर्णकर्कश भोंग्यांवर नुसते ओरडून भागणार नाही.

तमिळनाडूत ‘परै’ या वाद्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेही चामड्याचे उथळ वाद्य, तेही जाळावर शेकतात, तेही दलितांवर लादलेले, बहुतेक मर्तिकाला. तिथल्या दलित चळवळीने एका टप्प्यावर ते फेकून दिले आणि पुढच्या टप्प्यावर स्वतःच उचलले: मर्तिकाला नाही, मोर्चाला, महाविद्यालयात, रंगमंचावर. स्त्रिया वाजवू लागल्या, इतर जातींची मुले शिकायला आली. 2025 मध्ये परै वादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाही म्हणायचे स्वातंत्र्य, मग हवे असेल तर होय.

आपल्याकडे लोककला जपण्याच्या नावाखाली हा क्रम उलटा लागतो. महोत्सव भरतो, मंत्री डफड्यावर एक काडी मारून फोटो काढून घेतात, आणि त्याच वादकाला गावी गेल्यावर कोणाच्या तरी दारात ‘ये रे’ म्हणून बोलावले जाते. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, चांगली आहे. पण अर्जासोबत कलासेवेचे पुरावे लागतात. पन्नास वर्षांत शेदोनशे लग्ने आणि दरवर्षीचा पोळा वाजवलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र कोण देणार? त्याच्या कामाची नोंद लग्नपत्रिकेतही नसते. तिथे मामा, काका, चिमुकली बाळे सगळे असतात. ग्रामपंचायतीने आणि ग्रामसभेने दिलेला दाखला या योजनेत निर्विवाद पुरावा मानला, तर जिल्ह्यातल्या कित्येक म्हाताऱ्या वादकांचा प्रश्न एका बैठकीत सुटेल.

बाकीच्या गोष्टींना सरकारचीही गरज नाही. पोळा, यात्रा, मिरवणूक यांची वर्गणी काढताना वादकांची रक्कम आधी ठरवून लिहून ठेवता येते. ‘खुशीने काय द्याल ते’ हा शब्दप्रयोग बंद करता येतो. साखरखेर्ड्यात पळसिद्ध मठ आहे, प्रल्हाद महाराजांचे संस्थान आहे. अशा ठिकाणच्या उत्सवांना दूरदूरचे लोक येतात, तिथल्या पंगतीत वादक पहिल्या फळीत बसला तर ते सगळा परिसर पाहील. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एक तास डफड्याचा ठेवावा, शिकवणाऱ्याला तासाचे पैसे द्यावेत, आणि वर्गातल्या सगळ्यांनी काडी धरावी: पाटलाच्या मुलाने, वाण्याच्या मुलीने, सगळ्यांनी. मॉरिशसमध्ये रावान शिकायला आज भारतीय वंशाची मुलेही बसतात. सेगाला राष्ट्रीय म्हणण्यात काही अर्थ असेल तर तो यात आहे.

आणि मातंग वस्तीतल्या एखाद्या पोराने सांगितले की मला हे वाद्य नको, मला पोलीस भरतीचा अभ्यास करायचा आहे, तर गावाने पोळ्याला त्याच्या दारात जाऊ नये. वाजवायला त्या वर्गातून शिकून निघालेला दुसरा कोणीतरी असेल. नसेल तर त्या वर्षी बैल नुसत्या झडत्यांवर तोरणाखालून जातील.